लाल पट्टीखालचा आकडा

इकडे ये, अशी माझ्याजवळ बस, आणि आधी ती ओढणी बाजूला कर. लेन्सची काच ओढणीने पुसतात का कुठे? धूळ आधी फुंकणीने उडवायची, मग मऊ कापड. किती वेळा सांगितलं तुला. आणि हेही सांग, दुकानात ही लेन्स हातात घेतल्यावर तू काय पाहिलंस? पुढची लाल कडा पाहिलीस आणि भुललीस. नाही म्हणू नकोस, तोंडावर दिसतंय. बस आता. अशाच एका लाल कडेपायी एका पोरीवर काय वेळ आली होती ते ऐक.

मी अमरावतीत कॅमेरे आणि लेन्सा दुरुस्त करते, हे तुला माहीत आहे. पण हे काम कसं शिकले ते कधी सांगितलं नाही. मला शिकवायला कोणी नव्हतं. बंद पडलेले कॅमेरे वर्तमानपत्रावर उघडायचे, स्क्रू वाटीत ठेवायचे, आणि जसं उघडलं तसं परत बसतं का पाहायचं. सुरुवातीला स्क्रू उरायचे. आता उरत नाहीत.

तर अकोल्याचा नितीन आला. लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे त्याचा, हाताखाली चार-पाच फोटोग्राफर. लेन्स टेबलावर अशी आपटली की वाटीतले स्क्रू उडाले.

"काकू, हे पहा. ॲपर्चर बिघडलं हिचं. झूम केलं का आकडा पळून जाते. त्या प्रणालीनं पाडली असन कुठंतरी, अन् आता कबूल नाही करून राहिली."

प्रणाली म्हणजे त्याच्याकडे काम करणारी अकोटची पोरगी. मी तेव्हा तिला पाहिलेलंही नव्हतं. नितीननं सांगितलं ते असं. अकोल्यातलं एक बौद्ध लग्न होतं, विहारात. तिथल्या भंतेजींचा नियम, वंदना चालू असताना फ्लॅश मारायचा नाही आणि मूर्तीसमोर मधे येऊन उभं राहायचं नाही. लोक बसलेले, मेणबत्त्या लावलेल्या, खिडक्या लहान. प्रणाली मागे बसली आणि झूम करून फोटो काढले. सुरुवातीचे, सगळ्या सभागृहाचे फोटो बरे आले. नवरा-नवरी हात जोडून शपथ घेतात तिथले, एकमेकांना हार घालतात तिथले, सगळे काळे. कॉम्प्युटरवर उजळले तर चेहऱ्यावर रेती सांडल्यासारखे दाणे. नवरीची आई भडकली होती.

"पोरीनं सेटिंग का नाही बदलली?" मी विचारलं.

"आमच्या इथं कोणी बदलत नाही. सकाळी मीच लावून देतो." आणि ते त्यानं अभिमानानं सांगितलं. त्याच्या स्टुडिओची पद्धतच ती. सगळे कॅमेरे तो स्वतः सेट करणार, डायलवर चिकटपट्टी मारणार, आणि तंबी देणार की कोणी बटणाला हात लावायचा नाही. का, तर अल्बममध्ये सगळ्यांचे फोटो एकसारखे दिसले पाहिजेत. माणसं कामावर ठेवायची आणि त्यांचे हात बांधायचे. मला तिथेच पहिला राग आला होता. पण म्हटलं, आधी लेन्स पाहू.

पडलेली लेन्स लपत नाही. कडेला चेपलेलं असतं, झूमची रिंग फिरवताना कुठेतरी अडकते, नाहीतर फोटोची एक बाजू धूसर येते. यातलं काही नव्हतं. मग ॲपर्चर पाहिलं. ॲपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं भोक. पातळ काळी पाती गोल रचलेली असतात, ती उघडमीट करतात, डोळ्याच्या बाहुलीसारखी. आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. हे उलटं आहे, पण आहे तसंच आहे. मागची दांडी हलवली तर पाती झटकन उघडत होती, झटकन मिटत होती. तेल उतरून चिकटलेली नाहीत, काही नाही. लेन्स ठणठणीत होती.

"अरे, ही बिघडलीच नाही," मी म्हटलं. "ही अशीच असते."

"अशी कशी? झूम नाही केलं तर साडेतीन, केलं तर पाच पॉइंट सहा. आपोआप?"

मी त्याला आमच्या शेतातल्या विहिरीचं सांगितलं, तुलाही तेच सांगते. विहिरीच्या तळाशी किती उजेड पोचतो? तोंड किती रुंद आणि विहीर किती खोल, त्यावर ते ठरतं. झूम करणं म्हणजे विहीर खोल करणं. त्या लेन्समध्ये पूर्ण झूम केलं की विहीर तिप्पट खोल होते. तळाचा उजेड तेवढाच राहावा तर तोंडही तिप्पट रुंद व्हायला हवं. ते होतं जेमतेम दुप्पट. म्हणून तळाशी उजेड अर्ध्याहूनही कमी. यात कोणी पाडलं-बिडलं नाही. कारखान्यातून निघाली तेव्हापासून ती तशी आहे.

मग कंपनी तोंड रुंद का करत नाही? करते ना. पण त्याला पुढची काच मोठी लागते. काच मोठी झाली की कडेचा उजेड वाकडातिकडा येतो, तो सरळ करायला आत आणखी काचा घालाव्या लागतात. लेन्स विटेएवढी जड होते आणि किंमतही तशीच होते. नवशिक्याला हलकी, परवडणारी लेन्स हवी असते, म्हणून बनवणारा मधला रस्ता काढतो. आणि तो लपवत नाही. लेन्सवरच दोन आकडे लिहितो, इथून इथपर्यंत. हिची धाव एवढीच, असं सरळ सांगतो.

मी ते आकडे नितीनला दाखवायला लेन्स फिरवली, तर आकडे नाहीत. त्या जागी लाल पट्टी. महागड्या लेन्सांना असते तशी गोल. मी चष्मा वर सरकवून नखानं टोक उचललं. मोटारसायकलवर लावतात ती लाल चिकटपट्टी होती. आणि खाली कंपनीनं लिहिलेले आकडे.

"हे काय आहे रे?"

नितीन हसला. "काकू, आजकाल लोक पट्टी पाहतात. लग्नाची ऑर्डर द्यायले आले का पहिले विचारतात, लाल पट्टीवाली आहे का. सगळेच लावतात."

"त्या आईला काय सांगितलं होतंस?"

सांगितलं हेच होतं, की अंधारातही चालणारी लेन्स आणतो. आणि ती दुसऱ्या दिवशी स्टुडिओत येणार होती, हिशेब विचारायला. तेवढ्यासाठी तो माझ्याकडे आला होता. मला वाटलं, आता कळलं आहे तर हा बाबू मान खाली घालेल. त्याला खरंच माहीत नव्हतं की झूम केल्यावर आकडा सरकतो, एवढं मी मान्य करते. पण कळल्यावर तो काय म्हणाला ऐक.

"एवढ्या खोलात कोण जाते, काकू. तुमी फक्त एका कागदावर लिहून द्या, पडल्यामुळं खराब. सही करा. बाईले दाखवतो अन् त्या पोरीले काढतो. विषय संपला."

माझ्या कानशिलाला आग लागली. पट्टी यानं लावली, डायल यानं चिकटवला, आणि पाडली म्हणायचं त्या पोरीनं. अकोला काही एवढं मोठं नाही. लेन्स पाडते आणि खोटं बोलते, असं एकदा नाव झालं की कोणता स्टुडिओ तिच्या हातात कॅमेरा देणार होता?

"तुझं केलेलं तिच्या डोक्यावर घालायले माझा हात मागून राहिला तू?" मी म्हटलं. "उचल ती लेन्स."

त्यानं उचलली. पट्टी अंगठ्यानं दाबून नीट बसवली, माझ्यासमोर. "लिहून देणारे दुसरे आहेत," म्हणाला आणि गेला.

मला अकोल्यात काही काम नव्हतं. तरी सकाळी दोन लेन्सा पिशवीत घातल्या आणि बस धरली. एक नितीनच्या लेन्ससारखीच साधी, भंगारातल्या सुट्या भागांतून जोडलेली. दुसरी एका गिऱ्हाइकाची जुनी, जड, सगळ्या झूमला एकच आकडा धरणारी. मूर्तिजापूर जाईपर्यंत मी मनातल्या मनात नितीनशी भांडत होते. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, तब्येत बरी आहे ना म्हणून.

स्टुडिओत शिरले तर सगळे तिथेच. नवरीची आई सुनंदाबाई, सरकारी दवाखान्यात सिस्टर, ड्युटीवरून थेट आलेल्या. मोठ्या पडद्यावर विहारातले फोटो. पांढऱ्या साड्या राखाडी दिसत होत्या, आणि मधे त्यांची लेक हात जोडून, चेहरा मात्र कळत नाही. भिंतीला टेकून एक बारीकशी पोरगी उभी, ओठ घट्ट मिटलेले. तीच प्रणाली.

आणि गंमत ऐक. मला पाहून नितीनचा चेहरा उजळला. त्याला वाटलं काकू नरमल्या, स्वतः सांगायला आल्या. मोठ्या मानानं खुर्ची पुढे केली. "सिस्टर, ह्या अमरावतीच्या काकू. लेन्समधलं यायच्याएवढं कोणाले नाही समजत. त्याच सांगतीन तुम्हाले काय झालं ते."

"सांगते," मी म्हटलं.

जय भीम केला, बसले, आणि दोन्ही लेन्सा सुनंदाबाईंच्या हातात दिल्या. फार काही बोलावं लागलं नाही. एकीची पुढची काच वाटीएवढी, दुसरीची बाटलीच्या झाकणाएवढी. साध्या लेन्सचं झूम त्यांनाच फिरवायला लावलं आणि समोरून भोक पाहायला सांगितलं. थोडं वाढतं, पण पुरेसं नाही. विहिरीचं सांगितलं. मग म्हटलं, तुमच्या लेकीचे फोटो अशाच छोट्या काचेच्या लेन्सनं काढलेत, आणि ती कोणी पाडलेली नाही.

"पण हे तर म्हणाले लाल पट्टीची आहे," सुनंदाबाई म्हणाल्या.

नितीनची लेन्स तिथेच काउंटरवर होती. मी ती उचलली नाही. प्रणालीकडे पाहिलं. ती भिंतीपासून निघाली, लेन्स घेतली, आणि नखानं पट्टी सरळ सोलून काढली, भेंडीचं देठ काढावं तशी. पट्टी काउंटरवर ठेवली आणि लेन्स सुनंदाबाईंसमोर धरली.

सुनंदाबाईंनी आकडे वाचले. मग नितीनला म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात औषधाच्या बाटलीवरचं लेबल असं कोणी झाकलं असतं ना, तर मी त्याले दारातून आत नसतं येऊ दिलं."

नितीन म्हणाला, सगळेच लावतात.

मग त्या प्रणालीकडे वळल्या. मला वाटलं जवळ घेतील. तसं काही झालं नाही. "तुले माहीत होतं का?" असं विचारलं, तेही कडक आवाजात.

"पट्टीचं माहीत होतं, मॅडम. फोटो काळे येऊन राहिले हेही तिथंच दिसलं. बटणाले हात लावला असता तर काहून लावला म्हणून काढलं असतं. नाही लावला, तर आता काढून राहिले."

मग सुनंदाबाईंनी मला जे विचारलं, त्याला तोंड द्यायला मी बसमध्ये तयारी केली नव्हती. "ते राहू द्या. माझ्या पोरीचा तो फोटो चांगला होईन का नाही, तेवढं सांगा."

खोटं कशाला बोलायचं? जो उजेड आत गेलाच नाही, तो नंतर कुठून आणणार? उजळला तर दाणे येणार. लहान करून छापा, पोस्टकार्डाएवढा, म्हणजे दाणे कमी दिसतील, एवढंच माझ्या हातात होतं ते सांगितलं. त्या उठल्या, सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि निघाल्या. दारात थांबून प्रणालीचा फोन नंबर मागितला. नितीननं तिला तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ती म्हणाली, "येणारच नव्हती."

मी तिला माझ्याबरोबर चहाला नेलं. पोरगी तेव्हा रडली, आणि मी तिला रडू दिलं.

पुढे काय झालं विचारशील. सुनंदाबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न त्याच विहारात झालं. फोटो प्रणालीनं काढले. तिनं एक साधी, झूम नसलेली लेन्स घेतली, काळी, प्लॅस्टिकची, मुठीत मावणारी. तिची विहीर उथळ आणि तोंड रुंद, त्यामुळे मेणबत्तीच्या उजेडातही चालते. पण झूम नाही, म्हणजे जवळ जायला हवं. तर ही आदल्या दिवशी भंतेजींना भेटली आणि बाजूला, पहिल्या रांगेत, जमिनीवर बसायची परवानगी मागितली. त्यांनी लगेच दिली. म्हणाले, उभं राहू नको म्हटलं होतं, बसू नको कोण म्हणालं? नितीननं इतकी वर्षं कधी विचारलंच नव्हतं.

मुलीचा तो फोटो सुनंदाबाईंनी पोस्टकार्डाएवढाच करून लावला आहे. शेजारी मुलाचा, चांगला मोठा. लेक माहेरी आली की दोन्हीकडे पाहते आणि आईशी भांडते, असं ऐकलं. त्या काळ्या फोटोंचा राग माझ्याही मनातून गेलेला नाही.

नितीनचा स्टुडिओ जोरात चालू आहे. मागे बाळापूरच्या एका लग्नात त्याचा माणूस दिसला. लेन्सवर पट्टी होती. आता सोनेरी लावतो.

आता तुझी लेन्स. ती मी तू आल्या आल्याच पाहिली. तुझी लाल कडा खरी आहे, चिकटवलेली नाही, घाबरू नको. पण तिच्या खालीही दोन आकडे लिहिलेत, इथून इथपर्यंत, आणि ते तू वाचले नव्हतेस. बनवणाऱ्यानं काय लिहिलंय ते वाच. विकणाऱ्यानं काय चिकटवलंय ते नंतर पाहा.

निघालीस का? बरं. पण पुढच्या वेळी दिवाळीची वाट पाहू नको, लवकर ये. रविवारी प्रणालीही असते माझ्याकडे, पाती साफ करायला शिकते आहे. बेसनाच्या पातोडीचा रस्सा करते, दोघी जेवा. आणि येताना ओढणी घाल, हवी तर, पण लेन्सचं कापड वेगळं आण.