छताजवळून दिसलेली बाई

रत्नागिरी स्टँडवर दापोलीच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी टेकताना एक बाई म्हणाली, "बस गो बाय, दमलीस." मी बसलेलीच होते, म्हणून चमकून बघितलं. "तुमाला नाय, मी मलाच म्हटलं," ती हसली.

ती बुरोंडीची मासे विकणारी. डोक्याच्या रुमालाखाली केस नुकते उगवत होते. फिट यायच्या म्हणून मुंबईत मेंदूचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा फिटची जागा शोधायला डॉक्टर तिला जागं ठेवून मेंदूला हलका करंट देत होते. 'ही मीच' हे माणसाला मेंदूत कुठून कळतं, याचाही अभ्यास तिची परवानगी घेऊन चालला होता.

"एका जागी करंट लागला नि मी वर, छताजवळ. खाली टेबलावर, माझ्याच जागी, एक बाई निजलेली. इतकी दमलेली बाई मी कधी बघितली नव्हती. वाटलं, हिला कोणीच विचारत नाय काय?"

बोलता बोलता तिने डबा उघडला. तळलेल्या सुरमईचा मधला तुकडा होता. आमच्याकडे तो पुरुषांच्या ताटात जातो. तिने काटा काढला आणि लेकराला भरवावा तसा तो स्वतःला भरवला.

मीही डबा उघडला. त्यात शेपटी होती. सकाळी मीच ती माझ्यासाठी काढून ठेवली होती.