गवतातलं पाडस

संध्या वनरक्षक म्हणून कळमनुरीकडच्या राखीव माळावर आली, तेव्हा तिथं गवत कमी अन् बकऱ्या जास्त होत्या. बाई गार्ड गावानं पहिल्यांदाच पाहिली. वर्दीची हौस तिला शाळेपासूनची. जवळा बाजारला, आपल्या गावी, आईबरोबर दिवसभर सोयाबीन निंदून आली, तरी संध्याकाळी ती भरतीसाठी बांधाबांधानं धावायची.

हरणं परत यायची तर गवताला दोन पावसाळे तरी वाढू द्यायला हवं, म्हणून वनखात्यानं माळावर चराई बंद केली. पाटी लागली. दुसऱ्याच दिवशी गावातल्या चाँदबीच्या बकऱ्या आत!

"चाची, पाटी दिसली न्हाई का?"

"मला दिसली. पन बकऱ्यांना वाचता येत न्हाई, मॅडम!"

संध्याला हसू आवरेना. तरी बकऱ्या तिनं बाहेर काढल्याच. जाता जाता चाँदबी विचारून गेली, "मंग बकऱ्यांनी खायाचं काय?"

सवाल बराबर होता. संध्यानं वनखात्याच्या साहेबांना गाठलं, ग्रामसभेत विषय काढला. शेवटी ठरलं, जनावर आत सोडायचं नाही. पण गवत पिकलं की विळ्यानं कापून भारा न्यायला मुभा.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर गवत कमरेला लागलं. कापणीला बाया जमल्या, चाँदबी सगळ्यांच्या पुढं. एकाएकी तिचा विळा थांबला.

"संध्या! इकडं ये, जल्दी!"

गवतात हरणाचं पाडस मुटकुळं करून पडलं होतं. कान पाडलेले, हालचाल नाही.

"मेलं का गं?"

"न्हाई चाची. मायनं लपवून ठेवलंय. हात लावू नका, येईल ती."

"एवढी पट्टी सोडा गं!" चाँदबीनंच हुकूम सोडला. सगळ्या लांब पळसाखाली जाऊन बसल्या, भाकरी सोडल्या. बऱ्याच वेळानं हरणी आली. कान टवकारून इकडंतिकडं पाहिलं, मग थेट पाडसापाशी गेली. पाडस लटपटत उठलं अन् आचळाला ढुसण्या देऊ लागलं.

"किती भुकेजलं व्हतं माय लेकरू!" चाँदबी पदरानं डोळे पुसत हसली. संध्याही हसत होती, हातातला घास तसाच धरून.

आता त्या माळावर हरणांचा कळप दिसतो. संध्याची बदली होणार, अशी गावात कुजबुज आहे. चाँदबी म्हणते, "कशी जाते तेच बघते मी!"