अल खर्जमधला बायकांचा नाताळ

आमच्या कॉलनीत आयरिश माणसं राहतात म्हटलं की नाशिकचे नातेवाईक गोंधळतात. वाळवंटात आयर्लंडचं काय काम? काम गाईंचं आहे. रियाधजवळच्या या अल खर्जच्या बाहेर मोठमोठ्या डेअऱ्या आहेत. उन्हाळ्यात तिथल्या गाई पाण्याच्या फवाऱ्याखाली उभ्या असतात आणि त्यांची तब्येत बघायला आयर्लंडहून डॉक्टर येतो. त्यांचं दूध गार ठेवायला नाशिकहून इंजिनीअर येतो, तो मी. तिघांत लाड कुणाचे होतात, ते विचारू नका. माझ्या ऑफिसात फवारा नाही.

डॉक्टर आणि त्याची बायको आमच्या शेजारी राहतात. दोघं हौशी. मार्चमध्ये त्यांच्या संताचा दिवस आला की सगळ्या कॉलनीला हिरवे कपडे घालून क्लबहाउसात नाचवतात. मीही नाचलोय. तो व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणाचाही वाढदिवस असला की पुन्हा येतो.

गेल्या डिसेंबरात शेजारीणबाईंनी नवीनच प्रथा काढली. नवीन आम्हाला, त्यांच्या आजीच्या वेळची. सहा जानेवारीला त्यांचा नाताळ संपतो आणि तो शेवटचा दिवस बायकांचा. त्या दिवशी बायकांनी कामाला हात लावायचा नाही, एकमेकींना भेटायचं, चहा प्यायचा, मनसोक्त गप्पा मारायच्या. स्वयंपाक, केर, कपडे सगळं पुरुषांनी करायचं. नावच मुळी ‘बायकांचा नाताळ’. हे आमच्या सोफ्यावर बसून त्या सांगत होत्या आणि आमची ही इतक्या एकाग्रतेने ऐकत होती की मला जरा काळजीच वाटली.

“आमच्याकडे जानेवारीत हळदीकुंकू असतं,” ती त्यांना म्हणाली. “पण लाडू आम्हीच वळायचे, वाण आम्हीच आणायचं. पुरुषांनी फक्त हॉलमधून उठून आतल्या खोलीत जायचं.”

मी हसलो. एकटाच.

त्या दिवसांत आमच्या घरात तसंही हसू कमीच होतं. नोव्हेंबरात सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. मेव्हणा आणि त्याची बायको दोघंही नोकरीला, दिवसभर सासूबाई आणि एक कामवाली मावशी. हिला जायचं होतं. तिकीट काढणं सोपं, पण इथून बाहेर पडून परत यायचं तर एक्झिट-रीएन्ट्रीचा परवाना लागतो. माझा परवाना कंपनी काढते, कारण ती माझी कफील, म्हणजे इथे माझी हमी घेणारी. बायको आणि मुलगी माझ्या इकाम्यावर, म्हणजे माझ्या रहिवासी कार्डावर आणि माझ्या हमीवर, म्हणून त्यांचा परवाना मी काढतो, माझ्याच फोनवरून. पाच मिनिटांचं काम.

पण मुलीची दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत होती. मी म्हणालो, परीक्षा होऊ दे. मग म्हणालो, माझी रजा मंजूर होऊ दे, सगळे एकदमच जाऊ. मुलीचा डबा कोण करणार, हा तिसरा मुद्दा मी बोललो नाही, पण तो पहिल्या दोहोंच्या मागेच उभा होता. हिने दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडलं. मला वाटलं, पटलं.

माझ्या रजेचं रडगाणं मात्र मी कुंपणावरून डॉक्टरला रोज ऐकवायचो. आपण कैदी आहोत बघ, म्हणायचो. चहूकडे भिंत, गेटवर आडवा दांडा, आणि साहेबाने सही केल्याशिवाय आईबापाचं तोंड दिसत नाही. तो बिचारा मान हलवायचा आणि त्याची बायको कुंड्यांना पाणी घालता घालता माझ्याकडे बघायची.

सहा जानेवारी सुट्टीच्या दिवशी आली, म्हणजे सबबही गेली. सकाळीच शेजारीणबाईंनी गाडी काढली, हिला आणि आणखी दोघींना घेतलं आणि रियाधला, अल मलाझ भागात फिरायला निघाल्या. ही जाताना सूचना देईल म्हणून मी दारात उभा होतो. हिने गॉगल लावला आणि हात हलवला.

माझा बेत साधा होता. खिचडी आणि कढी. पण आमच्या घरात सगळे मसाले दूध पावडरच्या रिकाम्या डब्यांत आहेत आणि ते डबे दिसायला अगदी सारखे. मोहरी सापडेपर्यंत तेल धुरावलं. मुलगी हेडफोन काढून दारात आली, “बाबा, इज दॅट नॉर्मल?” म्हणाली आणि खिडकी उघडून परत गेली. मधे डॉक्टर आला. त्याच्या आईच्या पद्धतीच्या पावाला ताक लागतं, म्हणून इथलं लबान मागायला. त्याच्या कानालाही पीठ लागलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि लबानची बाटली अर्धी अर्धी करून घेतली.

दुपारपर्यंत गॅसवर कुकर, मशीनमध्ये कपडे, ओट्यावर भांडी. एक संपलं की दुसरं. पाय मोकळे करायला बाहेर पडावं तर कुकर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्याचा टँकर दिसतो आणि मागे भिंत. टँकर गेला की नुसती भिंत. इतकी वर्षं या घरात राहून ती खिडकी उघडते कुठे, हे मला माहीत नव्हतं. गेट निदान माझ्या वाट्याला रोज दोनदा तरी उघडतं.

चारच्या सुमारास ओट्यावरचा टॅबलेट वाजला. त्यावर रोज मायलेकींचं बोलणं चालतं. मी ओल्या हाताने उचलला.

“अगंबाई, जावईबापू? आज तुम्ही?”

मी सगळी प्रथा सांगितली, मोहरीसकट. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खुबा धरावा लागला. मग म्हणाल्या, “फिरू द्या तिला. मनाला फार लावून घेते. तिला सांगा, मी बरी आहे, वॉकर घेऊन दारापर्यंत जाते. कफील सोडत नाही म्हटल्यावर ती तरी काय करणार, आणि तुम्ही तरी काय करणार.”

“कफील?”

“हो ना. तीच म्हणाली, आई, मला यायचंय पण कफील परवानगीच देत नाही. त्या मेल्याला आई नाही का हो?”

“आहे,” मी म्हणालो.

“तुमच्या ओळखीचा आहे?”

“थोडाफार.”

“मग जरा सांगून बघा ना त्याला.”

मी टॅबलेट पुसून ओट्यावर ठेवला. हिने आईला एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. तक्रारही केली नव्हती. जावयाचं नाव सांभाळून अगदी खरं तेच सांगितलं होतं. तेवढ्यात खिचडी लागली.

दिवे लागल्यावर बायका परतल्या. कितीतरी महिन्यांनी हिचा चेहरा सैल दिसत होता. आम्ही दोघा पुरुषांनी वाढलं. डॉक्टरचा पाव कडक झाला होता, कढी फुटली होती. बायकांनी कौतुक केलं, तेही इतकं हसत की त्याला कौतुक म्हणायचं का, हे आम्ही विचारलं नाही.

शेजारी गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. ही खुर्चीतच बसून होती, नियमाप्रमाणे.

“आईंचा फोन आला होता,” मी नळाकडे बघत म्हणालो.

“काय म्हणाली?”

“कफीलला शिव्या देत होत्या.”

“मग?”

“ऐकून घेतल्या. मधे बोललो नाही.”

“बरं केलंत.”

मी हात पुसले, फोन काढला आणि तिच्याशेजारी बसलो. तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आणि लेकीची परीक्षा?” आतून आवाज आला, “आय विल मॅनेज, आई. यू गो.” आणि मग, “बट बाबा, नो मोअर खिचडी, प्लीज.”

परवान्याच्या अॅपमध्ये हिच्या नावापुढे दोन पर्याय आले. सिंगल किंवा मल्टिपल, म्हणजे एकदाच जाऊन यायचं, की मुदतीत हवं तेव्हा. माझं बोट आपसूकच सिंगलकडे गेलं.

“मल्टिपल,” ती शांतपणे म्हणाली. “आईला बरं व्हायला वेळ लागेल. दर खेपेला तुम्हाला कुठे विचारत बसू?”

मी बोट उचललं आणि मल्टिपल दाबलं.