घारीच्या टोकावरच्या सत्तावीस टोप्या

हद्दूला टोपी काढता यायची तशी ताझरूतच्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाला येत नसे. टोपी म्हणजे खडकाला चिकटून बसणारा शिंपला. एकच कवच, वरून रेघारेघांचं, पालथ्या वाटीएवढं. तिला चाहूल लागली की ती खडकाला अशी धरते की कवच फुटेल पण ती सुटणार नाही. चाहूल लागायच्या आत सुरीचं पातं आडवं सारायचं आणि एक झटका द्यायचा, एवढंच. एवढंच म्हणायचं, पण आमच्याकडे जन्म समुद्रावर काढलेल्यांनाही ते साधलं नाही. हद्दू बाराव्या वर्षापासून टोप्या काढत होता. गळाला लावायला तिच्यासारखं आमिष नाही. मोठ्या टोपीचं मांस चिवट, माशाला ओरबाडता येत नाही, म्हणून तो वेचून मोठ्याच काढायचा. सकाळी त्याच्या दाराशी मासेमार डबे घेऊन उभे असायचे.

पुढे टोप्या दिसेनाशा झाल्या. शहरातून माणसं आली, म्हणाली, हा शिंपला जगातून संपत चाललाय, आता हात लावायचा नाही. उरल्यासुरल्या टोप्या होत्या त्या अंजीरखाडीला राखणदार नेमायचं ठरलं. कोण? ज्याला काढता येतात तोच. सगळं गाव पोट धरून हसलं. त्याच्या शेजारचा शुऐब, चाळीस वर्षं त्याच्याकडूनच आमिष नेणारा, म्हणाला, "हद्दूच्या डोक्यावर सरकारी टोपी आली आणि आमच्या गळावरची गेली!"

पण हद्दूने कानाला खडा लावला तो लावला. सहा वर्षं रोज दोनदा खाडीची फेरी. सख्ख्या भावाच्या मुलांना त्याने खडकावरून हुसकावलं, शुऐबची सुरी हिसकावून पाण्यात फेकली. जन्मभर ज्याला लोक 'अरे हद्दू' म्हणत त्याला पोरीबाळी मानाने, बाईला लल्ला म्हणावं तसं, 'सी हद्दू' म्हणू लागल्या. हे त्याला फार गोड लागलं. माणसाला मान उशिरा मिळाला की तो जपायला माणूस काहीही करतो.

मागच्या हिवाळ्यात त्याचा गुडघा सुजला. दीड महिना तो शेगडीपाशी पाय शेकत बसला. शहरातून फोन यायचा, "खाडी कशी आहे?" आणि हा पांघरुणातून सांगायचा, "उत्तम आहे, आत्ताच जाऊन आलो." बरा होऊन खाडीत गेला तेव्हा खडकावर जागोजागी वाटोळे डाग होते. मोठ्या टोप्या गेल्या होत्या. कुणी नेल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. सहा वर्षांपूर्वी चाळीस मोजल्या होत्या, आता एकतीस होत्या, आणि त्याही बहुतेक अंगठ्याच्या नखाएवढ्या.

आणि नेमकी त्याच वसंतात तपासणी आली. टोपी अजून 'नामशेष व्हायच्या बेतात' आहे की सावरतेय, हे ठरवायला सगळ्या किनाऱ्यांची नव्याने मोजणी होणार होती. तेतुआनहून शिंपल्यांच्या जाणकार डॉक्टर नेझा रविवारी येणार होत्या. फोनवर त्या म्हणाल्या, "सी हद्दू, बाकी सगळीकडे रडगाणंच आहे. तुमच्या खाडीवर माझी भिस्त आहे." खरं सांगायची वेळ तीच होती. तो म्हणाला, "या लल्ला, वाटच बघतोय."

घारीचं टोक म्हणून एक कडा आहे, खाडीपासून तासाभराच्या वाटेवर. खाली उतरायला वाट नाही, होडी लावायला जागा नाही. तिथल्या एका कपारीत टोप्या आहेत हे फक्त हद्दूला माहीत होतं. तरुणपणी दोर बांधून उतरला होता तेव्हा बघितल्या होत्या, आणि कधीतरी अडीअडचणीला म्हणून कुणाला सांगितल्या नव्हत्या. राखणदार झाल्यावरही सांगितल्या नाहीत, कारण मग आजवर का नाही सांगितल्या हे सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी दुपारी सगळे पुरुष मशिदीत असताना तो दोर घेऊन घारीच्या टोकावर गेला. जन्मात त्याने शुक्रवारचा नमाज चुकवला नव्हता. कर्ण्यावरून इमामाचं बोलणं वाऱ्याबरोबर तुटक तुटक ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. सुजका गुडघा कातळावर घासत तो खाली उतरला. कपारीत त्या तशाच होत्या, मुठीएवढ्या, जाडजूड रेघांच्या. हात काही विसरला नव्हता. सत्तावीस काढल्या, एकीचंही कवच टवकलं नाही. ओल्या गोणपाटात घालून त्याने त्या अंजीरखाडीत आणल्या आणि खडकावर एकेक दाबून बसवल्या. काढायचं त्याला सगळं माहीत होतं. परत लावायचं आमच्या गावात कुणी कधी केलंच नव्हतं, कारण काढलेली टोपी गळालाच जायची. त्या धरून बसल्या तेव्हा त्याला वाटलं, जमलं.

रविवारी डॉक्टर नेझा गुडघाभर पाण्यात उभ्या राहून तीन तास मोजत होत्या. अठ्ठावन्न भरल्या. त्यांचे डोळे पाणावले.

"सी हद्दू, हे तुम्ही काय राखलंय तुम्हाला ठाऊक आहे? ही टोपी जन्मते तेव्हा नर असते. वर्षं जातात, मोठी होते, मग मादी होते. या मोठ्या आहेत ना, या सगळ्या आया आहेत. मोठ्या गेल्या की मागे नुसते नर उरतात आणि वंश बुडतो."

चाळीस वर्षं मोठ्याच वेचून काढल्याचं हद्दूच्या मनात आलं, पण त्याहून जास्त ते गोणपाट आलं.

"तुमच्या खाडीतला आकडा धरला तर या किनाऱ्यापुरती आपण तिला एक पायरी वर आणू शकतो," त्या म्हणाल्या. "येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी इथेच, गावासमोर जाहीर करू. तुमचा फोटो लावू."

"पायरी वर म्हणजे, लल्ला?"

"म्हणजे इतकी कडक राखण लागणार नाही. थोडी थोडी काढायलाही परवानगी मिळेल."

ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. शुऐबने हद्दूला रस्त्यातच मिठी मारली. "माझ्या भावा! तू राखल्यास म्हणून आम्हाला मिळणार. सुरी फेकलीस त्या दिवशी तुला शिव्या दिल्या त्या परत घेतो."

सोमवारी सकाळी दोन टोप्या खडकाखाली उलट्या पडलेल्या होत्या. मंगळवारी पाच. तेव्हा कुठे हद्दूने गुडघे टेकून नीट बघितलं. प्रत्येक टोपीच्या कवचाची कड वेडीवाकडी होती, आणि ते वाकडेपण इथल्या खडकाशी कुठेच जुळत नव्हतं. वर्षानुवर्षं एका जागी बसून तिने कड त्या जागेबरहुकूम वाढवली होती. इथे कडेखाली फट राहत होती. फटीतून ऊन जाई, पाणी सुके, आणि खेकडे नांगी घालून आतलं ओढून काढत. त्याने ओली फडकी घातली, खेकडे मारले, पुन्हा पुन्हा दाबून बसवल्या. दुसऱ्या मंगळवारपर्यंत सत्तावीसच्या सत्तावीस गेल्या. रिकामी कवचं तो झग्याच्या पाठीवरच्या टोपड्यात लपवून घरी आणी आणि गोठ्यात पुरून टाकी.

बुधवारी त्याची बायको मीमून्त झगा धुवायला घेऊन बसली आणि टोपड्यातून चार कवचं खणखणत दगडावर पडली.

"ए माणसा! हे काय?"

हद्दू उंबऱ्यात उभा होता.

"पुन्हा काढायला लागलास? उद्या अख्खं गाव तुझं कौतुक करायला जमणार, आणि तू आमिष चोरतोस?"

"दोन-चारच काढल्या," हद्दू म्हणाला.

हे तो का बोलला? कारण चोर म्हणवून घेणं त्याला सोपं वाटलं. चोराला गाव ओळखतं. त्याने जे केलं होतं त्याला नावही नव्हतं.

"मी नाही येणार उद्या," मीमून्त म्हणाली. "तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला माझे हात उठणार नाहीत." तिने झगा तसाच पाण्यात टाकला आणि ती आत गेली. त्या रात्री तिने त्याच्यापुढे बिसाराचा, बाकल्याच्या दाट सुपाचा, वाडगा ठेवला, पण त्यावर तेल सोडलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा.

गुरुवारी मासळीच्या लिलावाच्या पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या. हद्दूला पुढची खुर्ची. त्याचा मोठा फोटो खांबाला बांधला होता, त्यात तो खाडीत उभा राहून हसत होता. पुदिन्याचा चहा फिरला. डॉक्टर नेझा उठल्या, आकडे सांगू लागल्या, "अंजीरखाडी, अठ्ठावन्न," आणि शुऐबने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. आणखी एक वाक्य आणि ते कागदावर कायमचं होणार होतं. मग शुऐबचे डबे, मग सगळ्यांचे डबे, आणि उरलेल्या एकतीस नखाएवढ्या टोप्या.

हद्दू उभा राहिला. आखडलेल्या गुडघ्याने उठताना खुर्ची पडली.

"अठ्ठावन्न नाहीत," तो म्हणाला. "एकतीस. बाकीच्या मी आणून लावल्या होत्या. मेल्या."

पडवीत कुणाला काही कळेना. "आणून म्हणजे? कुठून?" कुणीतरी विचारलं. त्याने सांगितलं. शुक्रवार, दोर, गोणपाट, सगळं. गुडघा, शेगडी आणि फोनवरचं खोटंही सांगितलं. सांगताना तो आपल्या पायांकडे बघत होता.

आधी शुऐबच हसला. "चोरून नेणारे पाहिले, बाबांनो! चोरून आणून ठेवणारा पहिल्यांदाच बघतोय!" मग पडवी हसली. ते हसणं इतका वेळ चाललं की हद्दूला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दाराशी मीमून्त उभी होती. ती आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती हसत नव्हती, आणि तिच्याकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही.

डॉक्टर नेझाही हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "घारीच्या टोकावर आता किती आहेत?"

"एक नाही. होत्या त्या सगळ्या काढल्या."

"सगळ्या मोठ्या होत्या?"

"सगळ्या."

त्या खुर्चीवर बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "सी हद्दू, सत्तावीस आया एका जागी या अख्ख्या किनाऱ्यावर कुठेच नाहीत. नऊ वर्षं आम्ही होड्या घेऊन अशीच जागा शोधतोय. तुम्ही नुसतं बोट दाखवलं असतं तर आजची खरी बातमी तीच होती."

आता पडवीत कुणी हसत नव्हतं.

डॉक्टर नेझांनी पिशवीतून दुसरा कागद काढला. जिथून टोपी नाहीशी झाली त्या जागांचा तो कागद होता. त्यांनी वर 'घारीचं टोक' लिहिलं, खाली 'सत्तावीस' लिहिलं. मग पेन थांबलं.

"इथे कारण लिहायचं असतं," त्या म्हणाल्या. "आमिषासाठी, खाण्यासाठी, घाण पाण्यामुळे... यातलं काय लिहू?"

हद्दूने डोक्यावरची सरकारी टोपी काढून हातात घेतली.

"यातलं काही नाही, लल्ला," तो म्हणाला. "राखणदार लिहा."