मामांचं पोट आणि मामींची शेंगाचटणी

माझ्या बायकोच्या मामांना दुसऱ्याच्या पोटाची जेवढी काळजी असते तेवढी त्या पोटाच्या मालकालाही नसेल. मैंदर्गीहून सोलापुरात आमच्याकडे आले की चप्पल काढतानाच पहिला प्रश्न, "काय जावईबापू, सकाळी पोट साफ?" एका लग्नात त्यांनी अक्षता पडायच्या आधी नवरदेवाला गाठून हेच विचारलं होतं, आणि त्या बिचाऱ्यानं खरं सांगितल्यावर ओव्याची पुडी त्याच्या मुठीत कोंबली होती. कुणी पोटाच्या डॉक्टरकडे निघाला की मामा त्याला समोर बसवून सगळं समजावणार. काय खाता, कधी दुखतं, शौचाचा रंग कसा, हे सगळं डॉक्टर विचारतील. पोट दाबून बघतील. तोंडातून दुर्बीण घालायची असेल तर उपाशी जायचं. "आणि लाजायचं न्हाय. हाय तसं सांगायचं," असं वर बजावणार.

हेच मामा गेल्या हिवाळ्यात वाळायला लागले. जेवून उठले की हात पोटावर. विचारलं तर, "पाणी बदललं की." शेवटी मीच त्यांना आणि मामींना तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"जेवल्यावर दुखतं?" "छे!" "शौचाला काळं होतं? आत रक्त जात असलं की होतं तसं." मामा भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्राकडे पाहत बसले. मला असा राग आला! बाईंच्या मात्र काहीतरी ध्यानात आलं असावं. त्यांनी मामींना जरा बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं आणि मामांचा बांध फुटला.

"लई दुखतंय मॅडम. काळंबी हुतंय. पण हिच्यासमोर कसं सांगू? तुमी चटणी बंद करा म्हणणार. आख्ख्या गावात हिच्या शेंगाचटणीचं नाव हाय. तिला वाटंल, माझ्या हातानंच ह्यांचं पोट नासलं."

एवढ्यासाठी हा माणूस पोटातलं रक्त जिरवत बसला होता. त्यांच्यावर चिडावं की त्यांना जवळ घ्यावं, मला कळेना.

दुर्बिणीत जठरात जखम दिसली. मामा गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या महिनोन्महिने रिकाम्या पोटी गिळत होते. "हे त्या गोळ्यांचं काम आहे," बाई म्हणाल्या. "त्या आजपासून बंद. जखम भरेपर्यंत तिखटही नको."

घसा अजून बधिर होता, तरी मामा बाहेर येऊन जवळजवळ ओरडलेच, "ऐकलंस का? तुझ्या चटणीचं न्हाय!"

"चटणीचं कोण म्हणत हुतं?" मामी म्हणाल्या. मग त्यांच्याकडे बघतच राहिल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

औषध संपेपर्यंत दोघं आमच्याकडेच राहिली. मामा मऊ भात आणि मुगाचं वरण मुकाट खायचे. ते उठल्यावर मामी जेवायच्या. एकदा बायकोनं पाहिलं, मामींच्याही ताटात तेवढंच. "मामी, तुम्हाला काय झालंय?" तिनं विचारलं.

"मला काय हुतंय? त्यांस्नी सांगू नगंस."

मामांना ते अजून ठाऊक नाही. मला मात्र जेवताना अधूनमधून आठवतं, आणि घास जरा सावकाश उतरतो.