‘काढा’ म्हणजे नेमकं काय?

पुस्तिकेचं एक पान लिहून झालं की आमचे भाऊ ते ऑफिस झाडायला येणाऱ्या अक्कांना वाचून दाखवायचे. "अक्का, आता तुम्ही कोणतं बटण दाबाल?" अक्का जरा अडखळल्या, की पान टरकन फाडलं जायचं. नवी माणसं हसायची. मला हसू येत नसे. का, ते सांगतो.

नव्वदच्या दशकात जळगावात भाऊ आणि मी, आम्ही दोघं सहकारी, दवाखान्यांसाठी कॉम्प्युटरवर नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम करायचो. प्रोग्रॅम माझा, तो कसा वापरायचा, त्याची मराठी पुस्तिका भाऊंची. एकदा म्हणाले, "अरे, नोंद बघायची तरी तुझं ‘काढा’, अन् पुसायची तरी ‘काढा’च. एक शब्द बदल ना."

"भाऊ, लोकांना कळतं," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि तसंच छापलं.

धुळ्याच्या एका दवाखान्यात शिरपूरकडच्या खेड्यातले एक आबा आले. त्यांची मुलगी इंदू तिथेच वारली होती, तिच्या मृत्यूच्या नोंदीचा कागद हवा होता. काउंटरवरच्या बाई नव्या. त्यांनी पुस्तिकेत ‘नोंद काढा’ वाचलं आणि बटण दाबलं. नोंद पुसली गेली.

दवाखान्याचा फोन आल्यावर आम्ही पोहोचलो, तेव्हाही आबा बाकावरच होते. भाऊंना म्हणाले, "मनी पोरनं नाव बी नही ऱ्हायनं का?"

भाऊंनी तीन दिवस वॉर्डातल्या जुन्या वह्या चाळल्या. इंदू सापडली. नोंद हाताने लिहून, डॉक्टरांची सही घेऊन ते एसटीने त्या खेड्यात गेले. आबांना वाचता येत नव्हतं. भाऊंनी वाचलं: नाव, वय, आजार, तारीख. आबा म्हणाले, "आखो एक डाव वाच, भाऊ." असं किती वेळा वाचलं, ते भाऊंनी मला कधी सांगितलं नाही.

मी प्रोग्रॅममध्ये ‘दाखवा’ आणि ‘पुसा’ असे शब्द घातले. भाऊंनी मला दोष दिला नाही; उलट तेव्हापासून आपलंच प्रत्येक पान अक्कांना वाचून दाखवू लागले. तेच जड गेलं.

बऱ्याच वर्षांनी भाऊ गेले. त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर वहिनींनी पाणी दिलं, शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "शेवटी तापात एकसारखं काहीतरी वाचत होते. इंदू, वय एकोणीस... ही कोण हो?"

मी सगळं सांगितलं. फक्त भाऊंनी सांगूनही तो ‘काढा’ शब्द कोणी बदलला नव्हता, ते सांगायला जीभ उचलली नाही.