शेखसरांचा शेवटचा तास

रॉकेलच्या दिव्यावर तापलेल्या पत्र्याचा वास आला की नगरच्या कॉलेजातला तो अंधारा वर्ग आठवतो. स्वातंत्र्याच्या आसपासची गोष्ट. पडद्यावर चित्रं दाखवणारा कंदील चालवायला मी प्राध्यापकांना शिकवत असे. वनस्पतिशास्त्राचे शेखसर रोज शिकायला यायचे. मला वाटे, हौस आहे.

त्या दिवशी भरल्या वर्गात त्यांनी स्वतः कंदिलात चित्राची काच सरकवली आणि पानाच्या शिरा समजावू लागले. मुलं हसली. मी कानाशी म्हणालो, "सर, काच कोरी आहे. पडद्यावर काहीच नाही."

त्यांचा हात तापलेल्या पत्र्यावर तसाच राहिला.

"फळ्यावरचं दिसेनासं झालं, म्हणून हे शिकलो," ते म्हणाले. "वाटलं, एवढ्या उजेडात तरी दिसेल."

पुढच्या बाकांवरच्या मुलांनी ते ऐकलं. मग कुणी हसलं नाही. घंटा होईपर्यंत सर शिकवत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.